सोळा आण्यांची जमीन

दापोलीहून निघावे, खेडवरून कशेडी घाट ओलांडून पोलादपूरला यावे, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढावे आणि मग पाचगणी, वाई, लोणंद, बारामती, इंदापूर, पंढरपूर करत मंगळवेढ्याला उतरावे. हा सुमारे चारशे किलोमीटरचा रस्ता मातीसाठी कुणी धरत नाही. पहिल्या टप्प्यात लोक समुद्रासाठी येतात, मधल्या टप्प्यात थंड हवेसाठी, शेवटच्या टप्प्यात विठोबासाठी. पण महाराष्ट्राची जमीन समजून घ्यायची तर याहून चांगली वाट सापडणे कठीण, कारण वाटेत माती चार-पाच वेळा रूप पालटते आणि खडक मात्र एकच राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, कोकणातही तोच आणि भीमेच्या काठीही तोच. तरी दापोलीची माती तांबडी आणि आम्लधर्मी, मंगळवेढ्याची काळी आणि चुनखडीची. कोकणात तांबडी, देशावर काळी एवढे आपण शाळेत पाठ केलेले असते आणि पुढे आयुष्यभर तो त्या त्या मुलखाचा जन्मजात गुण आहे असे धरून चालतो. हा समज फार ढोबळ आहे. जमिनीचा कस ठरतो तो ती उतारावर कुठे बसली आहे आणि तिच्यातून पाणी कोणत्या वाटेने जाते यावरून. नांगर, कुऱ्हाड, बांध, कालवा ही सगळी त्या पाण्याची वाट बदलण्याची साधने आहेत. म्हणूनच एकच जमीन एका वापरात सोळा आणे ठरते आणि दुसऱ्या वापरात चार आणेही नाही.

दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. एवढे पाणी उताराच्या जमिनीतून वर्षानुवर्षे खाली झिरपत राहिले की खडकातले विरघळणारे सगळे निघून जाते. आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जातात, त्यांच्या मागोमाग सिलिकाही जाते आणि उरतात ती लोह आणि ॲल्युमिनियमची न विरघळणारी ऑक्साइडे. जांभा तो हाच. जमिनीतून कापून काढताना तो मऊ असतो, वाऱ्या-उन्हाला लागला की घट्ट होतो, म्हणून कोकणात घरे त्याची बांधली गेली. सड्यावर जिथे हा जांभा उघडा पडला आहे त्या कातळावर मातीचा थर बोटभरही नसतो. उतारावर थोडी माती धरून राहते, ती वरकस. तळाला, वहाळाच्या काठी, खोल माती मिळते. तिथे भात, नारळ, सुपारी. या तिन्ही जमिनी एका गावाच्या हद्दीत, एकाच पावसात, कधी कधी एकाच घराच्या सातबाऱ्यावर असतात. मातीचा नकाशा जिल्ह्याच्या मापाने काढला की हा भेद त्यात मावत नाही. गावातला कुणीही मात्र तो डोळे मिटून सांगेल, कारण कुठल्या तुकड्यात नाचणी आणि कुठल्या तुकड्यात भात हे त्याच्या आज्यापणज्याने याच भेदावरून ठरवलेले असते.

भाताचे खाचर हा या वाटेवरचा पहिला सबळ पुरावा. उतार कापून, बांध घालून, पाणी तुंबवून, चिखलणी करून माणसाने तांबड्या मातीत जे केले ते खाचराची कड तोडून पाहिली की दिसते. वरचा वीतभर थर तांबडा नसून राखी असतो. त्यात जुन्या मुळांच्या बारीक नळ्यांभोवती गंजाच्या रंगाच्या रेघा उमटलेल्या असतात. त्याच्याखाली, नांगराचा फाळ आणि बैलांचे खूर वर्षानुवर्षे जिथे टेकले तिथे, घट्ट दाबलेला पापुद्रा लागतो आणि त्याच्या खाली पुन्हा मूळची तांबडी माती. पाण्याखाली हवा कोंडली की तांबडे लोह रूप बदलून राखी होते. मुळांच्या नळ्यांतून जेवढा प्राणवायू पोचतो तेवढ्यापुरते ते पुन्हा गंजते. रंगाबरोबर गुणही बदलतो. आम्ल जमीन पाण्याखाली असेपर्यंत आपली आम्लता बरीचशी टाकते आणि लोहाने जखडून ठेवलेले स्फुरद भाताच्या मुळांना मोकळे होते. बांधापलीकडच्या वरकस जमिनीत तेच स्फुरद असूनही पिकाला नसल्यासारखे. खडक तोच, पाऊस तोच, अंतर दहा पावलांचे. फरक एवढाच की एका ठिकाणी पाण्याला वाहू दिले आणि दुसऱ्या ठिकाणी अडवले. चिखलणीने दाबलेला तो पापुद्रा भाताला वरदान असतो, कारण तो पाणी धरून ठेवतो. भातानंतर कडधान्य घ्यायचे म्हटले की मात्र तोच मुळांच्या आड येतो.

राबाची गोष्ट याच साखळीतली. भाताची रोपे टाकण्याआधी वाफ्यावर शेण, ऐन-किंजळीच्या फांद्या आणि पालापाचोळा यांचे थर रचून उन्हाळ्यात ते भाजायचे, ही रीत वनखात्याला कायम खुपत आली. झाडे ओरबाडली जातात आणि उतार उघडे पडतात हा तिच्यावरचा आक्षेप खराही आहे. पण ही नुसती अडाणी जाळपोळ होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. भाजल्याने तणांचे बी मरते, आणि पावसाने ज्या मातीतले क्षार धुऊन नेले आहेत तिला राखेतून तेच परत मिळतात. झाडांची मुळे खोलातून जे वर उपसतात ते उतारावरून गोळा करून खाचरात ओतण्याची ही युक्ती होती. तिचा हिशेब चुकला तो उताराच्या खात्यावर. जोवर डोंगर मोठा आणि खाचर लहान होते तोवर ती चालली. तोंडे वाढली तसा डोंगर अपुरा पडला. हापूसच्या कलमांनी हीच चाल आता उलट दिशेने चालवली आहे. रत्नागिरी-देवगडकडे कातळात सुरुंग लावून खड्डे पाडतात आणि दुसरीकडून आणलेल्या मातीने ते भरून त्यात कलम लावतात. कातळावर जी माती निसर्गाने ठेवली नाही ती ट्रकने वर जाते.

आंबेनळी घाट चढताना रस्त्यासाठी तोडलेल्या दरडीत मातीच्या जन्माचे सगळे टप्पे उभे कापलेले दिसतात. काळ्या दगडाचा गोल गाभा, त्याच्याभोवती कांद्यासारखे सुटत गेलेले पापुद्रे, बाहेरचे पापुद्रे हाताने चुरडतील इतके सडलेले, आणि गोळ्यांच्या मधल्या फटींत पिवळट-तांबडी माती. म्हणजे पाणी आधी खडकाच्या सांध्यांतून शिरले आणि मग चारी बाजूंनी आत खात गेले. घाटमाथ्याच्या परिसरात दोन लाव्हाथरांमध्ये कुठे कुठे गेरूच्या रंगाची पट्टीही दिसते. एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंतच्या काळात कुजलेल्या खडकाची ती खूण. इथे एक आक्षेप येतो. खडक एकच आहे हे तरी खरे आहे का? भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या लाव्हाची जी शकले पाडली त्यांत पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी तीन नावे याच वाटेवरची आहेत आणि त्यांची रासायनिक घडण तंतोतंत सारखी नाही. पण हा फरक मुख्यतः सूक्ष्म घटकांतला आहे. एकाच शकलाचा खडक घाटाच्या पश्चिमेला तांबडी माती देतो आणि पूर्वेला, नदीच्या खोऱ्यात, काळी. दगडाच्या बारीकसारीक फरकावर एवढ्या मोठ्या तफावतीचा भार टाकता येत नाही.

मग पाऊस? हा आक्षेप अधिक जड आहे. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे-मागे पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि रस्त्याने जेमतेम बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला सात-आठशे मिलिमीटर. एवढ्या थोड्या अंतरात पावसाची अशी घसरण क्वचितच कुठे पाहायला मिळत असेल. मातीचा रंग पावसाबरोबर बदलतो असे इथे सहज म्हणता येईल, आणि ते बऱ्याच अंशी खरेही ठरेल. पण पाचगणीचे टेबललँड या हिशेबात बसत नाही. तिथला पाऊस महाबळेश्वरच्या तुलनेत माफक, तरी माथ्यावर जांभ्याची जाड टोपी आहे. ती आजच्या पावसाने घडलेली नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी, भूप्रदेशाची ठेवण आणि हवामान दोन्ही वेगळी असताना ती तयार झाली, भोवतालचा भाग झिजून गेला आणि टोपी कठीण म्हणून तेवढा माथा सपाट उरला. उलट बाजूचा पुरावा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मांडला. पश्चिम घाटाच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यातही तांबड्या मातीच्या शेजारी, लहानशा खोलगट जागी, काळी माती टिकून असते. त्याचे कारण त्यांना बसाल्टच्या पोकळ्यांतल्या झिओलाइट खनिजांत सापडले. ही खनिजे कॅल्शियम पुरवत राहतात आणि खोलगट जागा त्याला वाहून जाऊ देत नाही. तेव्हा पाऊस किती पडला याइतकेच पडलेले पाणी पुढे कुठे गेले हेही महत्त्वाचे आहे.

महाबळेश्वरच्या सदाहरित रानाखालची माती गडद तपकिरी आणि पालापाचोळ्याने भरलेली असते. स्ट्रॉबेरीसाठी उतारावर ताली पाडून, गादीवाफे करून, त्यावर काळे प्लास्टिक अंथरले की तिची वाट बदलते. पाचोळा यायचा थांबतो, आणि वाफ्यांमधल्या सरीतून पावसाचे पाणी सुसाट उतरते. पीक हिवाळी असल्याने मुसळधार पावसाच्या दिवसांत तो उतार काय पांघरून बसतो यावर तिथल्या मातीचे भवितव्य आहे. बाकी या टप्प्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही.

पसरणी घाट उतरताना खाली कृष्णेचे खोरे उघडते आणि काळी माती सुरू होते. ती खोऱ्यात एकदम सुरू होत नाही, हे नीट पाहिले तर लक्षात येते. डोंगराच्या सोंडेवर मुरूम आणि दगड, त्याखाली बरड, मग हातभर खोलीची मध्यम जमीन आणि ओढ्या-नदीकाठी दोन-दोन मीटर खोल काळी. जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर हाच क्रम पाहिला आणि माथ्यापासून तळापर्यंतच्या माती ही एकमेकींत अडकलेली साखळी आहे असे मांडले. वरच्या कडीतून जे सुटते ते खालची कडी घडवते. माथ्यावरून धुऊन आलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका तळाशी साचतात, निचरा मंद असतो, पाऊस ते पुढे ढकलायला पुरत नाही. मग त्यांतून फुगणारी चिकणमाती टिकते. काळ्या रानाचे सगळे स्वभाव या फुगण्यातून येतात. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. भेगांत वरची भुगा झालेली माती गळून पडते, पावसाळ्यात ती फुगते, आतल्या आत दाब येतो आणि मातीचे मोठे ढेप एकमेकांवर घसरतात. खड्डा खणून असा एखादा ढेप अलगद सोडवला तर त्याची बाजू घासून गुळगुळीत केलेल्या पाटीसारखी चकाकते. खाली खाली पांढऱ्या चुनखडीचे खडे वाढत जातात. एक गैरसमज इथे काढून टाकायला हवा. काळी म्हणून ती सेंद्रिय कर्बाने समृद्ध असेल असे वाटते. प्रत्यक्षात देशावरच्या कित्येक काळ्या रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो आणि कोकणातल्या तांबड्या मातीत पुष्कळदा त्याहून जास्त. रंग पाहून कस ठरवणाऱ्यांना ही मोठी चपराक आहे.

इंग्रजी अमलदारांनी कस ठरवला तो रंग आणि खोली पाहून, आणि त्याची प्रयोगशाळा याच वाटेवर होती: इंदापूर तालुका. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाअखेर केलेली आकारणी इतकी फसली की शेतकरी जमिनी टाकून गेले. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथे नवी पाहणी केली आणि १८४७ च्या अहवालात ती पद्धत पक्की झाली. पुढे मुंबई इलाख्यात पसरलेली जमिनीची प्रतबंदी ती हीच. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची, काळी किंवा गडद तपकिरी जमीन ती सोळा आण्यांची. खोली कमी, पोत भरड, रंग फिका झाला की आणे उतरत जायचे. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने धुपण्याचा धोका, पाणी तुंबणे असे दोष सापडले तर आणखी कपात. ही पद्धत हिणवण्यासारखी मुळीच नाही. उतार आणि पाणी यांना तिने दोषांच्या यादीत का होईना जागा दिली, आणि कोरडवाहू ज्वारीच्या जगात तिचा ताळा जमतही होता. खोल काळ्या मातीचा मीटरभर थर दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल पिकासाठी धरून ठेवू शकतो. परतीचा पाऊस संपल्यावर रब्बीची ज्वारी त्या ठेवीवरच निघते. जितकी खोल जमीन तितकी मोठी ठेव. पण त्या सोळा आण्यांत एक गृहीत दडलेले होते: पाणी फक्त आभाळातून येणार.

१८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि ते गृहीत कोसळले. बारामतीच्या बाजूला ऊस आला, आणि काही वर्षांतच सगळ्यात खोल, सखल, म्हणजे प्रतबंदीत वरचढ ठरलेल्या जमिनी चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडून नापीक, होऊ लागल्या. दुखणे इतके वाढले की १९१६ साली मुंबई सरकारला सिंचनाच्या अभ्यासासाठी पुण्यात खास विभाग काढावा लागला. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. नीरेच्या उजव्या बाजूला पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ मध्ये सुरू झाले. जमीन चोपण होण्याची क्रिया सांगायला सोपी आहे. वरच्या रानात दिलेले जादा पाणी मुरमाच्या थरातून उताराने खाली येते, सखल भागात भूजल चढते, चिकणमाती ते वर खेचते, ऊन पाणी उडवते आणि क्षार मागे ठेवते. कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला बसते, चिकणमातीच्या कणांवर सोडियमची सत्ता येते, कण एकमेकांपासून सुटतात, भोके बुजतात. अशा जमिनीवर पाऊस पडला की पाणी दिवसेंदिवस उभे राहते आणि वाळल्यावर वर कठीण खपली धरते. वाफसा तिथे येतच नाही. चिखल संपतो तिथे दगड सुरू होतो. ज्या गुणासाठी, म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठी, तिला सोळा आणे मिळाले त्याच गुणाने तिचा घात केला. आणि वर, ज्याच्या पाण्याने हे घडले त्याच्या मध्यम, मुरमाड रानात ऊस मजेत उभा असतो.

यावर नेहमीचे उत्तर असे की दोष शेतकऱ्याच्या हावेचा आहे. पाणी जपून दिले असते तर काही झाले नसते. यात तथ्य आहे, पण अपुरे. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पाहा. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात काळ्या जमिनी सोडियमने बिघडल्या त्या कालव्याशिवाय. कमी पाऊस, मंद उतार, निचऱ्याला वाट नाही आणि खाली साचत गेलेला चुना एवढ्यावर निसर्गानेच ते काम केले. म्हणजे सखल, खोल, कोरड्या हवेतल्या काळ्या मातीचा कल मुळातच तिकडे असतो. निसर्गाने हजारो वर्षांत जे केले ते कालव्याने एका पिढीत उरकले, एवढाच फरक. म्हणून पाणी कमी द्या हा उपदेश एकट्या शेतकऱ्याला करून भागत नाही. त्याने आपल्या रानात ठिबक बसवले तरी वरच्या पाच शेतांचे पाणी त्याच्याच पायाशी येणार. जिप्सम, ताग-धैंचा, जमिनीखालून सच्छिद्र नळ्यांचा निचरा हे उपाय चालतात, पण नळीचे तोंड ओढ्यापर्यंत न्यायचे तर मधल्या चार खातेदारांची संमती लागते. मातीचे दुखणे उतारभर पसरलेले आणि औषध मात्र गटनंबराच्या हद्दीत, अशी ही पंचाईत.

आता प्रतबंदीच्या दुसऱ्या टोकाला, सांगोल्याकडे नजर टाकावी. इंदापूर-पंढरपूरच्या दक्षिणेला असलेल्या या तालुक्याची हलकी, मुरमाड, माळाची जमीन जुन्या हिशेबात दोन-चार आण्यांची. आज डाळिंब तिथेच पिकते, कारण डाळिंबाच्या मुळांना पाणी साचलेले खपत नाही आणि मुरूम ते साचू देत नाही. ठिबकने हवे तेवढे पाणी आणि त्यातूनच खत देता आले की साठवणुकीचे काम मातीवर राहत नाही. तिने फक्त मूळ धरायचे आणि जादा पाणी सोडून द्यायचे. यावर कुणी म्हणेल, ही मातीची थोरवी नव्हे, पैशाची आणि बाजाराची आहे. ठिबक, शेततळे आणि टँकर काढून घेतला तर माळ पुन्हा माळच. बरोबर आहे. पण तोच न्याय काळ्या रानाला लावायचा तर रब्बीची ज्वारी आणि परतीचा पाऊस काढून घेतला की त्याच्या सोळा आण्यांचे काय उरते? दोन्हीकडे कस वापरासकटच मोजावा लागतो. फरक इतकाच की माळाचा पैसा डोळ्यांना दिसतो आणि काळीच्या मागचा हजार वर्षांचा जुळवून घेतलेला पीकक्रम दिसत नाही.

तरीही तो पीकक्रम पवित्र मानायचे कारण नाही. खोल काळ्या रानात पावसाळ्यात शिरताच येत नाही म्हणून ते खरिपात पडीक ठेवायचे आणि रब्बीत पेरायचे ही जुनी रीत. पावसाच्या माऱ्यात उघडे पडलेले ते रान मात्र सर्वांत जास्त माती गमावते. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू आहे ते याच पेचामुळे. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर इलाखाभर समपातळी बांध घातले गेले. मध्यम जमिनीत ते टिकले. खोल काळीत बांधांनाच भेगा पडल्या आणि वरच्या अंगाला पाणी साचून पीक कुजले. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७६ पासून शेजारशेजारच्या काळ्या रानांवर तुलना चालवली आहे. एकीकडे खरीप पडीक ठेवण्याची जुनी पद्धत, दुसरीकडे मंद उताराचे रुंद वरंबे-सरी, जादा पाण्याला बाहेर जायला गवती चर, कोरड्यातच पेरणी आणि दोन पिके. जुन्या पद्धतीत हेक्टरी सरासरी एक टनाच्या आसपास धान्य निघाले, नव्यात पाच टनांच्या आसपास. वाहून जाणारी माती कितीतरी घटली आणि जमिनीतला कर्ब वाढला. भूरचना म्हणजे नशीब, तिच्यापुढे शेतकऱ्याचे काय चालणार, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. मात्र हेही पाहावे की तिथे जी सुधारणा झाली तिचा पाया उताराची नीट मांडणी हाच होता. बियाणे आणि खत त्यावर चढले.

आज जमिनीची पाहणी होते ती मृदा आरोग्य पत्रिकेसाठी. २०१५ पासूनच्या या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना घेण्याची चौकट ठरली. दहा हेक्टरच्या चौकोनात माथ्याचा मुरूम, मधली बरड आणि ओढ्याची काळी अशा तिन्ही मावतात. त्या सगळ्यांच्या वतीने एकच नमुना आणि खताची एकच शिफारस म्हणजे तीन माणसांची सरासरी काढून एकाला चष्मा देण्यासारखे. विंगेटच्या माणसांनी निदान प्रत्येक शेतात खोली मोजली होती. २०१७ च्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत उलट मातीची साखळी ओळखण्याची अक्कल दिसते. वरून धुऊन तलावात बसलेला गाळ उपसून पुन्हा हलक्या रानात नेणे म्हणजे ओढ्याने शतकभर केलेली वाहतूक उलटी फिरवणे. पण इथेही कोणाच्या रानात टाकायचा हा प्रश्न आहेच. मुरमावर टाकलेला गाळ खोली देतो. आधीच भारी असलेल्या, निचरा नसलेल्या जमिनीत टाकला तर दुखण्यात भर घालतो. ट्रॅक्टर मात्र पुष्कळदा जातो तो जवळच्या, म्हणजे तलावालगतच्या सखल रानात, कारण डिझेल कमी लागते.

मंगळवेढ्याला पोचल्यावर डोळ्यांत भरते ती सपाटी. मैलोन्‌मैल काळे रान, झाड विरळ, आणि हिवाळ्यात उभी मालदांडी ज्वारी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तालुक्याच्या दक्षिणेकडची कोरडी गावे उपसा सिंचनाचे पाणी मागत आली आहेत. ज्या गावात प्यायला टँकर येतो त्याला चोपण जमिनीची भीती घालून पाण्यापासून दूर ठेवणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. पाणी त्यांना मिळालेच पाहिजे. प्रश्न ते आधी कुठे सोडायचे याचा आहे. कडेच्या मध्यम आणि हलक्या जमिनी भिजवल्या तर जादा पाणी याच सपाटीकडे येणार आणि इथे त्याला पुढे जायला उतार नाही. ओढे गाळाने भरलेले, कित्येक ठिकाणी बांध सरकवून नांगरून टाकलेले. बारामतीला कालवा आधी आला आणि निचऱ्याचा विचार तीस वर्षांनी. मंगळवेढ्यात पाइप टाकण्याच्या अंदाजपत्रकातच ओढ्यांची खोदाई आणि निचऱ्याच्या चरांचा खर्च धरला आहे की नाही, हे तिथल्या शेतकऱ्याने पाणी येण्याआधी विचारायला हवे. पहिली खूण कुठे उमटेल हे त्याला आजही ठाऊक असते: पावसानंतर ज्या कोपऱ्यात वाफसा सगळ्यात उशिरा येतो, तिथे.